इतिहास समिती आणि कडुनिंबाची सावली

लोक मला विचारतात, चर्चमध्ये कसले आलेत किस्से? तिथं माणसं डोळे मिटून बसलेली असतात. अहो, तिथंच तर चुकतं! आमच्या मंडळीत प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात, पण एक डोळा अर्धा उघडा ठेवून. शेजारच्यानं मिटलेत की नाही ते बघायला नको? त्या अर्ध्या डोळ्यांनी वर्षानुवर्षं जे बघितलं त्याचेच किस्से झालेत. ते सगळे माझ्याकडं येऊन साठले, कारण मी पेटी वाजवतो. सगळी मंडळी वेदीकडं तोंड करून बसते, पेटीवाला एकटाच मंडळीकडं तोंड करून बसतो. मला सगळे दिसतात.

त्यात माझी नोकरी गेली वीज खात्यात, मीटर तपासण्यात. कुणाच्या घरामागं तारेवर आकडा टाकलाय का, कुणी मीटरचं सील तोडलंय का, ह्यातच जन्म गेला. आता रिटायर होऊन जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये राहतो, पण सवय सुटत नाही. कुणी प्रेमानं चहा पाजला की पहिल्यांदा मनात येतं, ह्याचं मीटर स्लो असणार.

आता मूळ भानगड सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमचं देऊळ लहान आहे. हो, आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. काळा दगड, वर मंगलोरी कौलं, गिरण्या जोरात होत्या तेव्हा मिशनच्या साहेबांनी बांधलेलं. भिंतीला लागून जुनं कब्रस्तान आणि त्यात चार-सहा जुने कडुनिंब. तर त्या कब्रस्तानातली जागा संपत आली. नवीन जागा मिळाली ती कुंभारीच्या रस्त्याला. नुसता मुरूम. झाड म्हणाल तर एक बाभूळ, तीपण शेजारच्याच्या बांधावरची. सोलापूरचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. जन्मभर त्यात भाजल्यावर मेल्यावर तरी सावली मिळावी, असं माणसाला वाटणारच की.

चर्च कमिटीनं नियम केला. ज्या घरचं माणूस जुन्या जागेत आधीच पुरलेलं आहे, त्याच घरच्यांना तिथं आपल्या माणसाशेजारी जागा. बाकीच्यांनी मुरमात जावं. पण कुणाचं माणूस कुठं आहे हे ठरवायचं कसं? निम्म्या कबरांवर दगड नाहीत, मिशनच्या वेळचं दप्तर वाळवीनं कधीच खाल्लेलं. त्याच वर्षी देवळाची ज्युबिली होती आणि स्मरणिका काढायला इतिहास समिती नेमली होती. कमिटीनं हे घोंगडं त्या समितीच्या गळ्यात टाकलं.

झालं! ज्यांनी जन्मात कधी आजोबांचं नाव काढलं नव्हतं, त्यांना उठता-बसता आजोबा आठवायला लागले.

*

समितीत आम्ही तिघं. अध्यक्ष डेव्हिडसर, रिटायर्ड हेडमास्तर. उंच, ताठ, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. पोरानं "सर, आजी वारली" म्हटलं तर "मागच्या महिन्यात वारली ती कोण होती?" असं विचारणारा माणूस. दुसरे आमचे पाळकसाहेब, म्हणजे पास्टर. तरुण, नगरकडून नुकतेच बदलून आलेले, सगळ्यांवर विश्वास ठेवणारे. तिसरा मी. मला कशाला घेतलं म्हणून विचारलं तर डेव्हिडसर म्हणाले, "तुम्हाला चोर ओळखता येतो."

पहिल्याच मीटिंगला रूथबाई आल्या. ऐंशीच्या घरातली म्हातारी, मूळची कुंभारीची. मिशनच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आयुष्यभर आया होती. आमची निम्मी मंडळी तिच्याच हातात पहिल्यांदा रडलेली. काठी भिंतीला टेकवून खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मला तुमच्या पुस्तकात नाव नको. मला भिंतीकडंच्या निंबाखाली जागा पाहिजे. माझं लेकरू हाय तितं."

मग तिनं सांगितलं ते असं. लग्नानंतर पहिलंवहिलं पोर झालं आणि बाप्तिस्मा व्हायच्या आतच गेलं. त्या काळी असल्या लेकरांना भिंतीकडेला, दगडाबिगडाशिवाय, गुपचूप ठेवायचे. नवरा गिरणी बंद पडल्यावर सुरतेला गेला आणि तिकडंच संपला. दुसरं मूल झालं नाही. आता तिला त्या लेकराशेजारी झोपायचं होतं. एवढंच मागणं होतं तिचं.

पाळकसाहेबांच्या डोळ्यांत तिथंच पाणी. पण डेव्हिडसरांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि विचारलं, साक्षीदार कोण? बाई म्हणाली, साक्षीदार होते की, सगळे त्याच आवारात झोपलेत. सर म्हणाले, असं चालत नाही. आणि मग जरा घसा साफ करून त्यांनी सांगितलं की भिंतीकडच्या निंबाखाली त्यांच्या आजोबांची कबर आहे, दगड जमिनीत खचलाय, आणि ती जागा त्यांनी स्वतःसाठी धरलेली आहे.

आता बोला! अर्जदार एक आणि न्यायाधीशच दुसरा अर्जदार. माझ्या मनात पाल चुकचुकली. पण पाल दोन्हीकडं बघून चुकचुकली, कारण सगळ्या कब्रस्तानात सगळ्यात गर्द सावली त्याच निंबाची. म्हातारीनं निंब बरोबर हेरला, असं मीटिंग ऐकायला जमलेल्या बायका दारात चपला घालताघालता बोलत होत्या, आणि खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. निर्णय पुढं ढकलला. बाई काठी घेऊन उठली आणि जाताजाता पाळकसाहेबांना म्हणाली, लवकर काय ते करा, माझ्याकडं लई टाइम न्हाय.

*

पुढच्या आठवड्यात पाळकसाहेबांनी टेप काढली.

बिचाऱ्यांना ज्युबिलीच्या मांडवाचा अंदाज घ्यायचा होता. देवळाच्या दारापासून कंपाऊंडपर्यंत टेप लावून मोजत होते, दुसरं टोक मांडववाल्याच्या हातात. समोरच्या गल्लीत आमच्या साळवेमावशी राहतात, मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिन. त्यांनी गॅलरीतून बघितलं आणि ग्रुपवर टाकलं: "सलाम. देवळाच्या जागेची मोजणी चालू आहे. सर्वांनी प्रार्थना करावी."

अहो, प्रार्थना कोण करतंय! चर्चच्या जागा कशा बिल्डरच्या घशात जातात हे ऐकून ऐकून सगळ्यांचं दुधानं तोंड पोळलेलं. तासाभरात दुचाक्यांची रांग लागली. ऑफिसातून हाफ डे टाकून आले, दुकान बंद करून आले. आमच्या मंडळीतले रणदिवे मोहोळला बहिणीकडं गेलेले, ते एसटी पकडून परत आले. बायकांनी डबे आणले. सगळी मंडळी बाकांवर ठाण मांडून बसली, जागा सोडायची नाही म्हणून. रूथबाई आत आल्याच नाहीत, त्या सरळ निंबाखाली जाऊन बसल्या. मांडववाला घाबरून टेप तिथंच टाकून पळाला, त्यामुळं तो बिल्डरचा माणूस असल्याची सगळ्यांची खात्री पटली.

पाळकसाहेब शपथेवर सांगत होते, मांडव आहे हो, मांडव. कुणाचा विश्वास बसेना. शेवटी मांडववाल्याला फोन लावून स्पीकरवर टाकला, तेव्हा कुठं लोक शांत झाले, आणि आलोच आहोत तर म्हणून डबे सोडून जेवले.

सगळे गेल्यावर पाळकसाहेब माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "भाऊ, रविवारी निम्मे बाक रिकामे असतात. दर शनिवारी टेप घेऊन उभा राहू का?"

*

मग फोटो सापडला.

देवळाच्या माडीवर तुटक्या बाकाच्या मागं एक जुना ग्रुप फोटो निघाला. मधे मिशनचे साहेब आणि मॅडम खुर्चीवर, मागं मंडळी उभी, आणि साहेबांच्या शेजारी एक उंचापुरा माणूस, डोक्याला फेटा, मिशा अशा! बाकी सगळे भिऊन कॅमेऱ्याकडं बघतायत आणि हा पठ्ठ्या जागेचा मालक असल्यासारखा उभा. नाव कुणाचंच लिहिलेलं नाही.

साळवेमावशींनी फोटो बघितला आणि पदर डोळ्याला लावला. म्हणाल्या, हेच आमचे आजेसासरे, पहिला बाप्तिस्मा ह्यांचाच. संध्याकाळी रणदिवे आले. नाक बघा म्हणाले, आमच्या घराण्याचं नाक आहे. त्यांनी आपलं नाक फोटोशेजारी धरून दाखवलं. दोघं गेल्यावर डेव्हिडसर म्हणाले की हे त्यांचे आजोबा आहेत, ह्यात शंकेला जागाच नाही, उंची बघा.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सर, तीन घराण्यांत ह्या एका माणसाचे नातू! हा काय हजार बायकांचा शलमोन राजा होता काय?"

सरांना ते आवडलं नाही. शेवटी असं ठरलं की रूथबाईंना विचारावं, मंडळीत सगळ्यात जुनं माणूस तेच. त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. म्हणाल्या, मी तान्ही बाळं ओळखते, फेटेवाल्यांशी माझा संबंध न्हाय आला. तिनं सरांच्या बाजूनं साक्ष दिली असती तर कदाचित तिचंही काम झालं असतं. मी तेव्हाच ते मनात टिपून ठेवलं, पण त्याचा अर्थ काय लावावा ते मला कळलं नाही. संशयी माणसाला खोटं चटकन कळतं, खरं कळायला वेळ लागतो.

मग मी माझं भिंग काढलं. मीटरचं सील बघायचं भिंग, अजून खिशात असतं. त्या माणसाच्या कपाळावर धरलं आणि मला घामच फुटला. तीन आडवे पट्टे! ठसठशीत विभूती! हा आमचा आद्य ख्रिस्ती बंधू चक्क शंकराचा भक्त होता. कौलं नाहीतर चुना पुरवणारा कुणी व्यापारी असणार, अक्कलकोटकडचा, बिलासाठी आला असणार आणि साहेबांनी फोटोत उभा केला असणार.

भिंग मी सरांच्या हातात दिलं. सरांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, काचेवरचे ओरखडे आहेत. बाकी कुठंही ओरखडा नव्हता, फक्त कपाळावर तीन. मी भिंग परत खिशात टाकलं. स्मरणिकेत फोटोखाली छापलं, "मंडळीतील एक ज्येष्ठ बंधू." तिन्ही घरं खूश. साळवेमावशींनी तर मोठा करून हॉलमध्ये लावलाय.

*

ज्युबिलीला बिशपसाहेब येणार म्हटल्यावर संशयाला नुसता ऊत आला. साहेब कशाला येतायत? एवढ्या लहान मंडळीला? नक्की जागा बघायला येत असणार. साळवेमावशींनी ग्रुपवर टाकलं की साहेबांना एकटं सोडू नये.

साहेब गाडीतून उतरले. हार झाले, घंटा झाली, पोरींनी ओवाळलं. पुण्याहून सरळ आलेला माणूस. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि सगळ्यांना सोडून भराभरा देवळाच्या मागं निघाले, कब्रस्तानाच्या बाजूला. झालं! डेव्हिडसर मागं, त्यांच्या मागं रणदिवे, त्यांच्या मागं कमिटी, मग महिला मंडळ. साहेब चालायचा वेग वाढवतील तसा मंडळीचाही वाढायचा. भिंतीपाशी पोचल्यावर साहेब वळले आणि हात जोडून म्हणाले, "बंधूंनो, मला लघवीला जायचंय."

तरी रणदिवे दाराबाहेर थांबलेच.

जेवणानंतर पाळकसाहेबांनी हिंमत करून रूथबाईंचा विषय साहेबांपुढं काढला. बाई समोर उभी होती. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, प्रार्थना करा आणि स्थानिक पातळीवर मिटवा. रूथबाई "आमेन" म्हणाली आणि मग मला बाजूला घेऊन विचारलं, स्थानिक पातळी म्हणजे मास्तरच ना? मी मान हलवली. मला त्या दिवशी पहिल्यांदा तिचं वाईट वाटलं. पण थोडंच. निंबाची सावली डोळ्यांपुढून जात नव्हती.

*

ईस्टरच्या आधी आमच्याकडं कबरांना चुना लावतात. ज्यानं त्यानं आपापल्या माणसाच्या. त्या वर्षी कब्रस्तानात जी गर्दी झाली ती मी जन्मात बघितली नव्हती. चुना लावला म्हणजे मालकी सिद्ध झाली, असा सगळ्यांचा हिशेब. लोकांनी बेवारशी दगड शोधून शोधून रंगवले.

दुसऱ्या निंबाखाली एक चौकोनी चौथरा होता. साळवेंनी, म्हणजे मावशींच्या मिस्टरांनी, सकाळी त्याला पांढरा चुना लावला. दुपारी रणदिव्यांनी वरून निळसर रंग दिला. संध्याकाळी साळवे परत ऑइलपेंट घेऊन आले. दोन बादल्या, दोन ब्रश, आणि मधे तो चौथरा. साळवे म्हणतात आमची आत्या, रणदिवे म्हणतात आमचे चुलते. प्रकरण हातघाईवर आलं तेव्हा मला बोलावलं.

मी बघितलं आणि हसावं की रडावं कळेना. चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांत चार गंजके बोल्ट होते. अहो, तो आमच्या खात्याच्या जुन्या दिव्याच्या खांबाचा पाया! खांब वादळात पडला, पाया राहिला. मी तसं सांगितलं तर दोघंही माझ्यावर उलटले, तुमच्या खात्याला सगळीकडं खांबच दिसतात म्हणून. ईस्टरला पहाटे बघितलं तर त्याच्यावर दोन घरची फुलं आणि दोन मेणबत्त्या.

डेव्हिडसरांनीही त्या आठवड्यात भिंतीकडच्या निंबाखाली चार बाजूंनी विटा रोवल्या आणि त्यांना चुना लावला. आखीव, शाळेच्या बागेसारखं. रूथबाई बादली न घेता आली होती. मी विचारलं, तुम्ही काय नाही आणलं? ती म्हणाली, "ज्याला दगडच न्हाय, त्याला चुना कुटं लावू?" आणि देवळात जाऊन बसली.

*

मग उन्हाळा पेटला आणि मला बातमी लागली की रूथबाई रोज भर दुपारी कब्रस्तानात जाते, हातात गाठोडं घेऊन.

माझ्यातला मीटरवाला जागा झाला. म्हटलं, सापडली! काहीतरी पुरून ठेवत असणार. दुपटं, वाळा, खुळखुळा, आणि उद्या समितीला खणून दाखवणार, बघा माझं लेकरू. लोक मीटरमध्ये काय काय घालून ठेवतात ते मी बघितलंय. मी दुपारी टोपी घालून गेलो आणि मिशनच्या मॅडमच्या मोठ्या कबरेमागं लपून उभा राहिलो. ऊन असं की दगडाला हात लावला तर चटका बसत होता.

रूथबाई आली. सरांच्या विटांच्या चौकटीत, अगदी मधोमध, फतकल मारून बसली. गाठोडं सोडलं. मी श्वास रोखला. आतून निघाली ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि मागं वळूनसुद्धा न बघता म्हणाली, "पेटीवाले, उनात उभं ऱ्हाऊ नका, चक्कर यील. या हिकडं जेवायला."

काय करणार? गेलो. चोर पकडायला गेलेला माणूस चोरासारखा जाऊन चौकटीबाहेर बसला. तिनं अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. मी कसाबसा म्हणालो, एवढ्या उन्हात इथं कशाला जेवता? तर म्हणाली, घरात एकटीला घास उतरत नाही. वॉर्डात होते तेव्हा डबा खायला वेळ मिळायचा नाही, आता वेळच वेळ आहे, मग हितं येऊन बसते. घरच्या माणसात बसल्यागत वाटतं.

मी ती अर्धी भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. पण म्हणून संशय गेला असं समजू नका. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं आणि वर म्हणालो, बाई हुशार आहे, मी येणार हे तिला माहीत होतं. बायको म्हणाली, तुम्हाला मेल्यावर मुरमातच टाकायला पाहिजे.

*

त्यानंतर थोड्याच दिवसांत डेव्हिडसर आजारी पडले. हृदयाचं होतं. दवाखान्यात ठेवलं तरी स्वभाव तोच. गोळी दिली तर पाकीट मागायचे, पाकीट दिलं तर चष्मा मागायचे. पाळकसाहेब भेटायला गेले आणि जरा मनापासून लांबलचक प्रार्थना केली. आमेन झाल्याबरोबर सरांनी एस्तेरवहिनींना, म्हणजे त्यांच्या मिसेसना, खुणेनं जवळ बोलावलं आणि विचारलं, "एवढी मोठी प्रार्थना कशी काय? डॉक्टर ह्यांना काय बोलला?"

रूथबाईही गेली. काठी टेकत, दोन रिक्षा बदलून, स्टीलच्या डब्यात तांदळाची पेज घेऊन. खोलीत मी होतो. सरांनी डब्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि वहिनींना म्हणाले, आधी तू खा.

वहिनी लाजेनं लाल झाल्या. पण रूथबाई हसली, स्वतःच्या हातानं वहिनींना वाटीत पेज वाढून दिली. वहिनी दिवसभर उपाशीच होत्या. त्यांनी एक वाटी खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि बघता बघता डबा संपवला. सर ते बघत राहिले. बाई म्हणाली, उद्या परत आणते, मास्तर. जागेचा विषय तिनं काढला नाही, त्यांनीही काढला नाही. मी मात्र दाराजवळ उभा राहून वाट बघत होतो, कोण आधी काढतंय म्हणून.

ती रोज पेज नेत राहिली. सरांनी शेवटी शेवटी खाल्ली, असं वहिनी सांगतात.

*

सर गेले ते ऐन मे महिन्यात.

निर्णय कुणी दिलेला नव्हता. समितीचा अध्यक्षच गेला, आता निर्णय कोण देणार? पुण्याहून मुलगा आला, त्यानं सांगितलं की बाबांनी जागा स्वतः आखून ठेवलीय, तिथंच ठेवायचं. कुणी हरकत घेतली नाही. एका चौकटीत दोन माणसं मावत नाहीत, म्हणजे रूथबाईचा विषय तिथंच संपला, हे सगळ्यांना कळत होतं. मलाही कळत होतं.

जमीन वाळून दगड झालेली. खणणारे दोघं घामानं निथळत होते, पण देवळातली भक्ती, म्हणजे उपासना, संपली तरी खड्डा गुडघाभरच झालेला. पेटी बाहेर आणून बाकावर ठेवली, म्हणजे सरांची, माझी नाही. मंडळी उभी राहिली. दुःख असलं तरी ज्यानं त्यानं निंबाची सावली बघूनच जागा धरली. साळवेमावशींनी फोन पर्समध्ये ठेवला. एस्तेरवहिनी पेटीजवळ खुर्चीवर बसल्या होत्या.

तेवढ्यात फाटकातून रूथबाई आली. पांढरं पातळ नेसलेली, काठी टेकत, सावकाश. लोक बाजूला झाले. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. आता भांडण होणार, म्हातारी खड्ड्यात उतरून बसणार, असंच सगळ्यांना वाटलं. रणदिवे पुढंसुद्धा सरकले, तिला धरायला. पाळकसाहेबांचा हात बायबलवर घट्ट झाला.

ती खड्ड्याच्या कडेला येऊन थांबली. वाकून आत बघितलं. विटांकडं बघितलं, निंबाच्या बुंध्याकडं बघितलं. मग खणणाऱ्याला म्हणाली, "बाबा, मास्तरांना डावीकडं घे जरा. उजवीकडं लेकरू हाय."

टिकाव हवेतच थांबला. खणणाऱ्यानं पाळकसाहेबांकडं बघितलं, पाळकसाहेबांनी माझ्याकडं. सरांचा मुलगा पुढं होऊन बोलायला लागला की आजी, बाबांनी जागा मोजून... पण एस्तेरवहिनींनी हात वर केला आणि तो गप्प झाला.

वहिनी खुर्चीवरून उठल्या. खड्ड्यापाशी आल्या, वाकल्या आणि उजव्या बाजूची वीट स्वतःच्या हातानं उपटून बाजूला टाकली. खणणाऱ्यांना म्हणाल्या, डावीकडं घ्या. मग रूथबाईंचा हात धरून विचारलं, "लेकराला किती जागा सोडायची, बाई?"

"लेकराची आन माझी," रूथबाई म्हणाली. "मधी मी. लेकरू नवख्या माणसाला घाबरतंय."